चार वर्षं आणि एक दिवस

आम्बिया खातूनच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं ढेकीखाली गेली. पायाने दाबून भात कांडायचं ते लाकडी धूड आमच्या बालुरचर बेटावर अंगणाअंगणात असतं, आणि त्याखाली बोट गेलेली बाई प्रत्येक पाड्यात एखादी सापडते. त्यामुळे तिचा हात बघून परका माणूस काही विचारत नाही. पण तिची बोटं चुकून गेली नाहीत. ती गेली तेव्हा गणतीघराचं जुनं यंत्र माझ्या नावेच्या फळ्यांखाली होतं, म्हणून ही हकिगत सांगायचा हक्क मी दुसऱ्या कोणाला देत नाही.

गणतीघर म्हणजे मेघनेच्या काठावरचं पत्र्याचं लांबट ऑफिस. एका परदेशी डॉक्टरीणबाईने ते उभारलं. तिथल्या बायका नदीतल्या बेटाबेटावर फिरायच्या आणि कोण जन्मलं, कोण मेलं, कशाने मेलं ते विचारून आणायच्या. कॉलऱ्याने किती, बाळंतपणात किती, बुडून किती, आणि टेट्याने किती. टेटा हा खरं तर मासे मारायचा पाचदाती भाला. आमच्या पाण्यात तो माशांच्या अंगात शिरतो आणि आमच्या वाळूवर माणसांच्या. या बायकांना नेणारा-आणणारा नावाडी मी, कुद्दूस. उन्हाने पाणी पितळेसारखं झालं असतानाही पाण्याखालची वाळू कुठे सरकली ते मला वल्ह्याच्या टोकाला कळतं. तेवढं एक शिक्षण माझं पुरं झालेलं आहे.

आमच्याकडे जन्मतारीख कोणी जपत नाही. विचारलं तर आई सांगते, "मशीद नदीत गेली त्या साली, शेवग्याला शेंगा धरल्या होत्या." गणतीघराच्या बायका त्यावरून तारीख काढत. ती तारीख यंत्रात, म्हणजे कॉम्प्युटरात, जाई आणि गावात पुन्हा कधी येत नसे. गावाला तिचं कामच नव्हतं.

आम्बिया खाँ गुष्टीतल्या मोकसेदची बायको. गुष्टी म्हणजे भाऊबंदकीचा कळप, माणूस जन्मतो तिच्यात आणि मरतोही बहुतेक तिच्याचसाठी. मोकसेद जाळी विणायचा, कमी बोलायचा. त्याने बायकोला कामाला जाऊ दिलं म्हणून त्याचा थोरला भाऊ तोराब खाँ, जो गुष्टीचा मुख्य होता, भर बाजारात म्हणाला होता, "मोकसेद, तू आता लुगडं नेस, तीही हौस फेडून घे." मोकसेदने हातातली गाठ पुरी केली आणि पुढची घातली.

आम्बिया आधी घरोघर फिरली, मग यंत्रासमोर बसली. ते जुनं यंत्र बुटकं, दुधाळ रंगाचं, तोंडावरच काच असलेलं होतं. पुढे डॉक्टरीणबाई मायदेशी गेली, ढाक्याहून डॉक्टर महताब आले आणि त्यांच्याबरोबर काळी यंत्रं आली, दुसऱ्याच जातीची. जुन्याची फाइल नव्यात घातली की नुसते चौकोन आणि डाग दिसायचे. एवढ्या वर्षांचे जन्म आणि मृत्यू त्या दुधाळ डब्यात अडकून पडले होते.

आम्बियाने वाट काढली. जुन्या प्रोग्रॅमकडून सगळं साध्या आकड्यांत उतरवून घ्यायचं, फ्लॉपीवर टाकायचं, आणि ते आकडे नव्याला भरवायचे. नदी भरली तेव्हा ती बसली आणि पाणी उतरलं तेव्हा उठली. डॉक्टरांनी बेरजा ताडून पाहिल्या. माणसं किती, बायका किती, मेले किती, सगळं जुळलं. त्यांनी रसगुल्ले वाटले. मी विचारलं, "आपा, सगळी माणसं इकडच्या काठावर आली?"

"एकही बुडलं नाही, कुद्दूसभाई," ती म्हणाली. तेव्हा तिच्या हाताला पाच बोटं होती, आणि पाचांनाही रसगुल्ल्याचा पाक लागलेला होता.

दोन हजार चारच्या चैत्रात नदीने दक्षिणेला नवी जमीन टाकली. ओली, काळी, कोणाच्याही नावावर नसलेली. खाँ म्हणाले आमची, समोरची बेपारी गुष्टी म्हणाली आमची. मशिदीच्या कर्ण्यावरून सकाळी अजानच्याच आवाजात पुकारा झाला की आज ज्या घरातून पुरुष निघणार नाही ते घर आम्हीच जाळू. मोकसेद निघाला. पोटावर गोधडी बांधलेली, हातात उसना टेटा. बायका मागून विटा आणि तिखटाच्या पुड्या घेऊन निघाल्या.

मी नाव मधल्या पाण्यात धरून उभा होतो, जखमी वाहायचं काम अशा दिवशी माझंच असतं. दोन्ही बाजूंनी टेटे उडाले तेव्हा क्षणभर वाळूवर बांबूचं बन उगवल्यासारखं दिसलं. मग बन कोसळलं. एकाच्या मांडीत शिरलेला टेटा उपटताना मांसासकट आला. एका म्हाताऱ्याला तिखटाने दिसेना, तो आपल्याच पुतण्यावर कोयता चालवत राहिला. मोकसेद मागे होता. त्याला मागेच राहायचं होतं. पण मागे उभा राहणारा पळताना पुढे येतो. बेपाऱ्यांचा एक पोर उसाच्या कडेला उभा होता, मिसरूडही न फुटलेला, सोहराब नावाचा. त्याने दोन्ही हातांनी टेटा फेकला. पाचांतले तीन दात मोकसेदच्या गळ्यात गेले. तो पडला नाही, बांबूचा आधार मिळाल्यासारखा गुडघ्यांवर बसला आणि तसाच राहिला.

मी त्याला नावेत घेतलं. ओरडायला त्याला गळाच नव्हता. ऑफिसच्या घाटाला लागेपर्यंत नावेतलं पाणी उपसायचं भांडं मी रक्ताने भरभरून नदीत रिकामं केलं.

दुपारी खाँ गुष्टीने बेपारीपाडा पेटवला. दावणीला बांधलेली वासरं सोडायला कोणी थांबलं नाही. सोहराबच्या बापाला ज्वारीच्या ताटांतून ओढून काढून त्याचे दोन्ही घोटे कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट अंगाने फोडले. मग पोलीस आले, आणि सोहराब सापडला.

कायदा असा होता की सोळाच्या आतला असेल तर पोरांच्या सुधारगृहात, वर असेल तर फाशीची वाट मोकळी. चेअरमनच्या दाखल्यावर कोर्टाचा विश्वास नव्हता. गणतीघराच्या कागदावर होता. फौजदार कागद मागायला आला तेव्हा आम्बिया पांढऱ्या साडीत कामावर येऊ लागली होती. तिने सोहराब बेपारीचं नाव टाइप केलं. यंत्राने तारीख दिली, सन चौऱ्याऐंशी. एकोणीस पुरी. ती मला नंतर म्हणाली, "कागद बाहेर येताना मी त्याचा आवाज ऐकत राहिले, कुद्दूसभाई. मला तो गोड लागला."

त्यानंतर काही दिवसांनी सोहराबची आई जोमिला आली. तिचं घर जळालं होतं, ती पलीकडच्या तीरावर बहिणीकडे लपून होती. भर दुपारी माझ्या नावेत झोपून, अंगावर जाळं ओढून ती आली आणि गणतीघराच्या पायरीवर बसली. आम्बिया बाहेर आली आणि तिने पायातली चप्पल काढून जोमिलाच्या तोंडावर मारली. एकदा, दोनदा. जोमिलाने तोंड वळवलं नाही.

"मार, बुबू," ती म्हणाली, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. "पण आधी एक सांग. तुझा हाशेम किती वर्षांचा?"

"तुला काय करायचंय माझ्या पोराचं?"

"मोठ्या पुरात शाळेच्या छपरावर आपण दोघी होतो. तुला आधी कळा आल्या, मला नंतर. एकाच दाईने, एकाच बांबूच्या पात्याने दोघांच्या नाळा कापल्या. तुझा बेंबीच्या देठापासून रडला, माझा रडेना म्हणून तूच त्याच्या पाठीवर थापट्या दिल्यास. तुझा अजून नववीत आहे. माझा एकोणीस वर्षांचा कसा झाला, बुबू? छपरावरच चार वर्षं मोठा झाला का?"

आम्बिया आत गेली. तिने काळ्या यंत्रात आपल्या हाशेमचं नाव घातलं. सन चौऱ्याऐंशी. मग आपलं स्वतःचं. मग मोकसेदचं. मग तिने कोठीतून गोणपाटाखालचं जुनं दुधाळ यंत्र काढलं, धूळ झटकली, चालू केलं. ते कण्हत उठलं. हाशेम, सन अठ्ठ्याऐंशी, पुराचा महिना. सोहराब, त्याच दिवशी.

ती डोकं धरून बसली तेव्हा मी दारात होतो. मला तिने जे सांगितलं ते असं. यंत्र तारीख ही तारीख म्हणून ठेवत नाही. एका ठरलेल्या दिवसापासून किती दिवस झाले तेवढा आकडा ठेवतं. जुन्याची मोजणी एकोणीसशे चार सालापासून सुरू, नव्याची एकोणीसशेपासून. आकडा तोच, सुरुवात वेगळी. त्यामुळे नव्यात बेटावरचा प्रत्येक माणूस चार वर्षं आणि एक दिवस आधी जन्मला होता, आधी लग्न झालेला होता, आधी मेलेला होता. सगळे सारखेच मागे सरकले म्हणून बेरजा जुळल्या. हे मला लगेच कळलं. सगळ्या नावा एकाच ओढीत वाहत असल्या की आतल्या माणसाला आपण वाहतोय हे उमजत नाही, काठाकडे बघावं लागतं. आम्बियाने इतकी माणसं वाहून आणली, पण त्यांतलं एकही ओळखीचं माणूस उघडून पाहिलं नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"जुनं यंत्र तुमच्या नावेत ठेवा. काही विचारू नका."

"चालतं का ते अजून?"

"तुमच्यापेक्षा बरं चालतं."

जोमिला पायरीवरच होती. आम्बिया तिला म्हणाली, "ऊठ. जा. पुन्हा मला तोंड दाखवलंस तर नदीत बुडवीन." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरी तोराब खाँला स्वतःहून सांगितलं. पदर कपाळावर ओढून, अंगणाच्या मधोमध उभं राहून. तिची जाऊ ढेकीवर भात कांडत होती, तिनेच मला हे पुढे सांगितलं.

तोराबने शांतपणे ऐकलं. "चूक कोणी पाहिली?"

"मी पाहिली, भाईजान."

"मग तू डोळे मीट. गप्प बसायला काही शिक्षण लागत नाही. त्यापेक्षा तू अडाणी असतीस तर बरं झालं असतं."

"कागद मी काढलाय. कोर्टात जाऊन सांगणार."

"नवऱ्याच्या गळ्यातलं रक्त सुकलं नाही आणि तू त्याच्या मारेकऱ्याचं बारसं करायला निघालीस?"

"मला तो मेलेलाच हवाय," आम्बिया म्हणाली. "माझ्या हाती टेटा असता तर मीच मारला असता. पण माझ्या चुकलेल्या आकड्याने तो मरायचा नाही. तेवढा डाग मोकसेदच्या रक्ताला लावू नका."

तोराबने पुतण्यांना खूण केली. एकाने तिच्या केसांना धरलं, दुसऱ्याने मनगट. जावेला ढेकीवरून उतरू दिलं नाही. "दाब," तोराब म्हणाला. ती दाबेना, तेव्हा तिच्या पाठीत काठी बसली. मग तिने दाबलं आणि सोडलं. मुसळ भाताच्या उखळात पडलं, त्यात आम्बियाची बोटं होती. पुन्हा दाब. पुन्हा. हाशेम पडवीत उभा होता, काकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला होता. जाऊ म्हणाली की त्या घाण्याचा भात नंतर कोंबड्यांनीही टिपला नाही.

"आता कर टाइप," तोराब म्हणाला.

तिथून ते गणतीघरावर गेले. काळी यंत्रं अंगणात आणून कुदळीने फोडली. राखणदाराचा जबडा मोडला. डॉक्टर महताब मधे पडले तर त्यांना घाटाच्या चिखलात तोंड दाबून धरलं, श्वास बंद पडायला येईपर्यंत, आणि मग सोडलं. जुना डबा मात्र मिळेना. घाटावर मी होतो.

"कुद्दूस, नावेत काय?"

"शुटकी. चांदपूरला न्यायची आहे. वास नाही येत का?"

"तुझाच येत असेल." पण तोराबच्या थोरल्या पोराने फळ्यांच्या फटीतून टेटा खुपसलाच. दात लाकडात रुतल्याचा आवाज आला. ताडपत्रीत बांधलेला डबा तिथून हातभर अंतरावर होता. वर खरोखरच शुटकीची, सुक्या मासळीची, पोती होती, मी काही अर्धवट काम करत नाही. त्याने टेटा उपटला, नाक धरलं आणि निघून गेला.

कोर्टात आम्बिया हात गुंडाळून उभी राहिली. पट्टीतून पिवळं पाणी येत होतं. दुधाळ यंत्र टेबलावर ठेवलं होतं. खाँ गुष्टीचा वकील हसला.

"हा डबा साक्षीदार?"

"साक्षीदार मी आहे," ती म्हणाली. "हा डबा मोजायला कुठून सुरुवात करतो ते दाखवायला आणलाय."

"तुमच्या नवऱ्याला ज्याने मारलं त्याला तुम्ही वाचवताय, बाई. नवऱ्याशी पटत नव्हतं का?"

कोर्टात हशा पिकला. तिने हशा संपू दिला. "मी वाचवत नाही. त्याचं वय सांगते. वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

सोहराब सुधारगृहात गेला. आम्बिया माहेरी गेली नाही, गणतीघराच्याच मागच्या खोलीत राहिली. नवी यंत्रं आली तेव्हा तिने सगळी माणसं पुन्हा एकदा या काठावरून त्या काठावर आणली, या वेळी डाव्या हाताने, प्रत्येकाच्या आकड्यात तो चुकलेला फरक मिळवून. आणि फ्लॉपीगणिक एक ओळखीचा माणूस उघडून पाहत. मोकसेद मरताना बेचाळीसचा दिसत होता तो अडतीसचा झाला. त्या दिवशी ती माझ्या नावेत येऊन नुसती बसली. मी नाव मधे नेली आणि वल्हं उचलून धरलं.

हाशेम काकाकडेच राहिला. आईला भेटायला येई, पण तिच्या हाताकडे बघत नसे. तोराबने त्याला जेवणाच्या प्रत्येक घासाबरोबर बापाचा गळा खाऊ घातला. मोकसेदच्या हातचा तो टेटा, कधीच न फेकलेला, त्याच्या खाटेजवळ लावून ठेवला.

सोहराब सुटून आला तो फाल्गुनात, माझ्याच नावेतून. खांदे रुंदावले होते, सुतारकाम शिकला होता. मला विचारत होता, "चाचा, आम्बियाचाचीला भेटलो तर चप्पल मारतील का?"

"मारतील," मी म्हणालो. "तू भेटच."

घाटाला नाव लागली. हाशेम पायरीवर बसला होता, मासे मारायला बसावं तसा. सोहराबने त्याला ओळखलं, हसला, एक पाय पाण्यात टाकला. हाशेमने बसल्या जागेवरून टेटा मारला, पोटात, आणि मग उभा राहून तो अंगाच्या भाराने दाबला. सोहराब नावेत उताणा पडला. हाशेमने पाय त्याच्या छातीवर देऊन टेटा ओढून काढला आणि पुन्हा घातला. मी वल्ह्याने त्याचा खांदा मोडला. तेव्हा तो थांबला. सोहराब माझ्या पायाशी बोटं आखडत, सोडत होता, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी. दुसऱ्यांदा माझ्या नावेतलं ते भांडं रक्ताने भरलं.

आता हाशेमचं वय हवं होतं. फौजदाराने कागद मागितला.

त्याच्या आधी तोराब खाँ आला. म्हातारा झाला होता, दम लागत होता. गणतीघराच्या पायरीवर, जिथे जोमिला बसली होती तिथे बसला. आम्बिया उभीच राहिली.

"चार वर्षं आणि एक दिवस," तो म्हणाला. "या वेळी उलट्या बाजूने. तुला वाट माहीत आहे. पोर सोळाच्या आत येईल. कोणाला कळणार नाही."

"जोमिलाला कळेल."

"तिचं कोण ऐकतं? आम्बिया, तुझ्या पोटचं आहे. मी पाया पडतो."

तिने उजवा हात पदरातून बाहेर काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. "ही बोटं असती तर कदाचित केलंही असतं, भाईजान."

तो गेल्यावर ती आत जाऊन यंत्रासमोर बसली. मी खिडकीपाशी होतो. तिने हाशेमची ओळ उघडली. जन्माच्या आकड्यावर येऊन डावं बोट बटणावर ठेवलं. नदीवरून एक मालाचा पडाव गेला, त्याच्या इंजिनाचा आवाज आला, वाढला, विरला. तिचं बोट तिथेच होतं. मी घसा खाकरणार होतो, खाकरलो नाही. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी कोणाला सांगणार नाही. हाशेमचा खांदा मी मोडला होता, पण त्याला पहिल्यांदा नावेत बसवून मीच नेलं होतं, पूर उतरल्यावर, छपरावरून, आईच्या मांडीत.

मग बोट हललं आणि छपाई सुरू झाली. सन अठ्ठ्याऐंशी. एकोणीस पुरी. तिने सही केली, डाव्या हाताची, लहान पोराने काढावी तशी. त्यानंतर तिने सोहराबचं मरण भरलं. कारण, हत्यार, वय. दोघांच्या वयाचा रकाना सारखाच होता.

हाशेमला जन्मठेप झाली. महिन्यातून एकदा मी आम्बियाला जिल्ह्याच्या तुरुंगापर्यंत सोडतो. ती चितोई पिठे, तांदळाच्या पिठाचे घावन, करून नेते, सोबत खजुराचा गूळ. मागच्या खेपेला मीही आत गेलो होतो. हाशेमचा खांदा नीट जुळलेला नाही, तो थोडा तिरका उभा राहतो.

"एक आकडा बदलायचा होता, मा," तो गजांआडून म्हणाला. रागाने नाही. खूपदा विचारून झालेलं विचारावं तसं.

"बदलला असता," ती म्हणाली. "मग त्या पुरात छपरावर मला झालेलं पोर कोण होतं?"

हाशेमने पुडकं गजांतून आत ओढलं. मग त्याने पुडक्यातून एक पिठा उचलला, तोडला, खाल्ला.

"जाड झालेत."

"डाव्या हाताने घातलेत," ती म्हणाली. "खा."